ऑनलाइन जुगारातला गैरफायदा: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाणेरमधल्या एका ऑफिसात मी सात वर्षं पत्त्यांच्या ऑनलाइन खेळांचं टेस्टिंग केलं. त्याआधी दीड-दोन वर्षं मी तेच खेळ खेळत होतो, आणि सरळ खेळत नव्हतो. दोन्ही बाजू पाहिल्या असल्यामुळे ओळखीतले लोक, त्यांची मुलं, मुलांचे रूममेट मला विचारत असतात. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. जिंकायच्या युक्त्या यात नाहीत.

पैशांचे ऑनलाइन खेळ आता बंद झालेत ना? मग ही चर्चा कशासाठी?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटलं होतं आणि रमीचा सगळा ऑनलाइन धंदा त्याच आधारावर उभा होता. नव्या कायद्याने तो आधारच काढून घेतला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाख. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. मोठ्या भारतीय कंपन्यांनी लगोलग पैशांची टेबलं उचलली.

खेळणारे मात्र सगळे उठले नाहीत. काही जण परदेशातून चालणाऱ्या साइटवर गेले, काही टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये. तिथे तक्रार ऐकणारं कुणी नाही. कायदा आल्यानंतर एक मुलगा मला म्हणाला, "आता सगळंच बेकायदा आहे, मग त्यात फसवलं काय आणि नाही फसवलं काय?" हे वाक्य ऐकल्यावरच मी लिहायला बसलो. टेबल बेकायदा असलं तरी त्यावर आलेले पैसे कुणाच्या तरी पगारातले असतात.

मग हुशारी कुठे संपते आणि गैरफायदा कुठे सुरू होतो? ब्लफ करणं हीसुद्धा फसवणूकच नाही का?

शनिवार पेठेतल्या एका मंडळाचा मी काही वर्षं कार्यकर्ता होतो. गणपतीत रात्री मांडव राखायला थांबणारी पोरं झोप येऊ नये म्हणून तीन पत्ती खेळतात, दहा-दहाच्या नोटा असतात. एका वर्षी आमचा देखावा शीशमहालाचा होता, चारी बाजूंनी आरशाचे तुकडे लावलेले. पहाटे तीनच्या सुमारास खांबाला टेकून बसलेल्या एकाच्या लक्षात आलं की समोरच्याच्या मागच्या आरशात त्याची पानं दिसतायत. त्याने तो डाव पॅक केला, पानं खाली टाकली आणि म्हणाला, "अरे, जागा बदल. तुझी दुरी दिसतेय." सगळे उठले, सतरंजी फिरवली, परत बसले.

आरशात बघू नये असा तीन पत्तीत कुठे नियम लिहिलेला नाही. आरसा त्याने लावलेला नव्हता. तरी न बोलता खेळत राहिला असता तर ती लबाडी झाली असती, हे तिथल्या एकालाही समजावून सांगावं लागलं नाही.

ब्लफ हा त्या खेळाचाच भाग आहे. तीन पत्तीला बसणारा माणूस समोरचा थापा मारणार हे धरूनच बसतो. त्याने तेवढ्याला होकार दिलेला असतो. आरशाला दिलेला नसतो. म्हणून एवढंच विचारायचं: मी कसा जिंकतोय हे समोरच्याला कळलं, तर तो या टेबलवर बसून राहील का? माझा अभ्यास जास्त आहे, मी पानं लक्षात ठेवतो, माझं गणित पक्कं आहे हे कळूनही लोक बसतात, उलट चुरशीने बसतात. तुझी पानं मला दिसतायत हे कळल्यावर कुणी बसत नाही.

दादा, आम्ही तिघं मित्र एकाच टेबलवर बसतो आणि एकमेकांना पानं सांगतो. सगळेच करतात. यात एवढं काय?

२०१४ मध्ये मी हेच करत होतो. धनकवडीत आमची तिघांची खोली होती. रात्री जेवून आलो की एकाच गादीवर भिंतीला टेकून बसायचो, तीन फोन आणि एक चार्जर. पॉइंटला एक रुपयाचं टेबल, सहा खेळाडू, प्रत्येकी १३ पानं. पानं बघितली की आमच्यातले दोघं लगेच ड्रॉप करायचे, म्हणजे डाव सोडायचे. पहिल्या ड्रॉपला २० पॉइंट जातात, पण ते २०-२० रुपये जिंकणाऱ्याला मिळतात, आणि जिंकणारा बहुतेक वेळा आमचाच तिसरा असायचा. कंपनीचा कट सोडला तर पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात. त्या बदल्यात तिसऱ्याला स्वतःच्या १३ पानांशिवाय आणखी २६ पानं कुठे पडलीत ते ठाऊक. समोरचे तिघं आपल्या १३ पानांवर अंदाज बांधत बसलेले, आणि हरले की एकेकाचे ८० रुपयांपर्यंत जाणार.

आम्ही याला फसवणूक म्हणत नव्हतो. 'टीमवर्क' म्हणत होतो. समोर माणसं नव्हतीच आमच्या दृष्टीने, गोल चौकटीतली चित्रं होती. त्यातलं एक चित्र मात्र मला अजून आठवतं. रात्री एकनंतर यायचं. ॲपमध्ये लिहून बोलता यायचं नाही, चार-पाच तयार मेसेज होते. हा खेळाडू प्रत्येक हरलेल्या डावानंतर 'वेल प्लेड' पाठवायचा. प्रत्येक. आम्ही हसायचो.

पुढे २०१६ मध्ये बाणेरला नोकरी लागली आणि तीच गोष्ट मला दुसऱ्या कंपनीच्या लॉगमध्ये, आतल्या बाजूने दिसायला लागली. संगनमत पकडणं हे माझ्या कामाचा भाग होतं. एकाच वायफायवरची तीन खाती, एकाच वेळी टेबलवर येणारी, ठरावीक क्रमाने ड्रॉप करणारी, हे सापडायला फार वेळ लागत नाही. पण त्यासाठी त्या टेबलवर हरलेल्यांची खातीही उघडावी लागायची. त्यात पैसे भरल्याच्या नोंदी असतात. रात्री १:४० ला ५००. २:१० ला ५००. २:३५ ला २००. २:५० ला १००. शेवटचे शंभर कुणी छोटा डाव खेळायचा म्हणून भरत नाही. खात्यात तेवढेच उरलेले असतात म्हणून भरतो. अशा नोंदींची रांग मी आधी कधी बघितली असती तर धनकवडीतल्या गादीवर मला बसवलं नसतं.

'सगळेच करतात' याबद्दल एवढंच, की ते खरं नाही. खरं असतं तर तुमची युक्ती चाललीच नसती. ती चालते कारण समोर बसलेले तिघं एकेकटे आणि सरळ खेळत असतात.

कंपन्याच आपल्याला लुटतात. कंपनीला लुटलं तर काय बिघडलं?

कंपन्यांवरचा राग मला समजतो आणि तो बराचसा खरा आहे. मी काम करायचो तिथे, जो माणूस हरलेले पैसे भरून काढण्यासाठी परत परत पैसे भरतो, त्याला नेमकं त्याच वेळी बोनसचं नोटिफिकेशन जायचं. महिन्याच्या एक तारखेला नोटिफिकेशनचा मारा वाढायचा. खेळाडूचा स्वभाव कंपनीला दिसतो आणि कंपनीचा हिशोब खेळाडूला दिसत नाही. हासुद्धा आरसाच आहे, आणि तो कंपनीने स्वतःच्या हाताने लावलेला आहे.

पण तुमच्या चलाखीचे पैसे कुणाच्या खिशातून येतात हे आधी बघा. रमी किंवा पोकरमध्ये खेळाडू एकमेकांशी खेळतात आणि कंपनी डावामागे आपला कट घेते. कोण जिंकलं याने तिला काही फरक पडत नाही. तुम्ही तिघांनी मिळून चौथ्याला धुतलं, तर कंपनीचा एक रुपयाही कमी होत नाही. राग कंपनीवर आणि भुर्दंड शेजारच्या खुर्चीवर, असं ते होतं. पुण्यातल्या हुशार मुलांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली पळवाट हीच आहे.

रुलेसारख्या खेळात समोर खरोखर घर, म्हणजे खेळ चालवणारा कॅसिनो, असतो. चाकावर ३७ खाने, आणि अचूक आकडा लागला तर एकास ३५ मिळतात. म्हणजे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे घराचे. हे आकडे उघड असतात. तिथे घराविरुद्ध डोकं चालवून जिंकणं मला गैर वाटत नाही. ब्लॅकजॅकमध्ये पडलेली पानं मोजत राहणारा खेळाडू सगळ्यांना दिसणारीच पानं बघत असतो. १९८२ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केवळ पानं मोजतो म्हणून कॅसिनोला खेळाडूला बाहेर काढता येणार नाही. मला तो निकाल पटतो. (ऑनलाइन ब्लॅकजॅकमध्ये बहुतेक ठिकाणी दर डावाला पानं नव्याने पिसली जातात, त्यामुळे मोजून उपयोग नसतो.)

जॉइनिंग बोनस नियमाप्रमाणे एकदा घेतला तर तो तुमचा. तोच दहा नावांनी घेतला तर दहा वेळा खोटं बोललात. घर लबाड असलं तरी ते खोटं तुमचंच राहतं.

ॲपमध्येच चूक सापडली. मी काही हॅक केलं नाही. तिचा फायदा घेतला तर?

याचं उत्तर द्यायला मला १९९९ सालची एक गोष्ट आवडते. अमेरिकेतल्या रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या काही संगणकतज्ज्ञांनी त्या काळातल्या एका ऑनलाइन पोकरचं पत्ते पिसण्याचं गणित तपासायला घेतलं. खेळ किती प्रामाणिक आहे हे दाखवण्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ते गणित स्वतःच जाहीर केलं होतं. ५२ पानांचा कॅट किती प्रकारे पिसला जाऊ शकतो? उत्तर ६८ आकडी संख्या आहे. पण त्या प्रोग्रॅमची सुरुवात ३२ बिटांच्या एका बीजसंख्येपासून व्हायची, म्हणजे शक्यता उरल्या सुमारे ४२९ कोटी. त्यात ते बीज घड्याळावरून घेतलेलं: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाखच असतात. आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवलं की शक्यता उरल्या दोनेक लाख. हातातली दोन पानं आणि टेबलवर उघडलेली तीन पानं जुळवून बघितली की कॅट नेमका कसा लागलाय ते कळायचं. समोरच्यांची पानं, पुढे येणारं पान, सगळं.

एवढी किल्ली हातात असताना त्यांनी टेबलवर बसून पैसे कमावले नाहीत. काय सापडलं ते लिहून प्रसिद्ध केलं. पत्ते पिसणारा प्रोग्रॅम कसा असू नये हे शिकवताना आजही तेच उदाहरण देतात. मलाही कामाच्या पहिल्या आठवड्यात तेच शिकवलं होतं.

आमच्याकडेही एकदा असंच घडलं. नेट जाऊन परत आलं की बंद गड्डीतलं वरचं पान अर्धा सेकंद उघडं दिसायचं. टेस्टिंगमध्ये ते आमच्या नजरेतून सुटलं होतं, ती चूक माझी आणि माझ्या टीमची. सांगलीच्या एका खेळाडूने फोटो पाठवला, पानाभोवती लाल गोल काढून, आणि खाली लिहिलं होतं की असं अकरा वेळा झालंय, पहिल्या दोन वेळा मला वाटलं डोळ्यांचा भास आहे. त्याला आभाराचा एक ठरावीक मेल गेला, बाकी काही मिळालं नाही. त्या मेलवर माझं नाव नव्हतं याची खंत मला आजही आहे.

चूक पहिल्यांदा दिसते तेव्हा तुमचा काही दोष नसतो. ती मुद्दाम परत घडवण्यासाठी तुम्ही स्वतः नेट बंद-चालू करता, तेव्हापासून प्रकरण तुमचं आहे.

आतल्या माणसांनीच असं केलं तर? मग आपणच का सरळ खेळायचं?

असं झालेलं आहे. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर आणि त्यानंतर अल्टिमेटबेट या साइटवर काही खात्यांना बाकीच्या सगळ्यांची झाकलेली पानं दिसत होती, हे उघड झालं. उघड केलं ते खेळाडूंनी. ती खाती ज्या प्रमाणात जिंकत होती ते नशिबाने शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी डावामागून डाव तपासून काढले. एका स्पर्धेत हरलेल्या खेळाडूने आपल्या डावांची नोंद मागवली, तर त्याला चुकून सगळ्यांच्या पानांसकटची फाइल मिळाली आणि त्यातून धागा लागला. अल्टिमेटबेटच्या प्रकरणात कॅनडातल्या काह्नवाके गेमिंग कमिशनने १९९४ च्या जागतिक स्पर्धेच्या विजेत्यावर मुख्य ठपका ठेवला. साइटला खेळाडूंची दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम परत करावी लागली.

या गोष्टीतून 'सगळे चोर' असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात रात्र रात्र हिशोब तपासणारे खेळाडू दिसतात. त्यांना ते जमलं, कारण त्यांच्या स्वतःच्या नोंदींमध्ये लपवण्यासारखं काही नव्हतं.

टीव्हीवर दिसायच्या आधी चेंडूचा निकाल कळला आणि त्यावर पैसे लावले तर? मी मॅच फिक्स तर केली नाही.

मार्च २०२१ मध्ये गहुंजेच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने झाले, कोरोनामुळे प्रेक्षकांविना. त्या वेळी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना पकडलं. त्यातले काही जण स्टेडियमजवळच्या उंच इमारतीतून आणि डोंगरावरून दुर्बिणी आणि कॅमेरे लावून सामना बघत होते. मैदानात चेंडू पडतो आणि आपल्या टीव्हीवर दिसतो, यात काही सेकंद जातात. मोबाइलवर तर आणखी जास्त. त्या सेकंदांत चेंडूवर सट्टा लावायचा, असा तो धंदा.

सट्टाच बेकायदा असल्यामुळे पुढची चर्चा लोकांना अनावश्यक वाटते. पण समजा सट्टा कायदेशीर आहे. तरी घरात बसून फोनवर त्याच चेंडूवर पैसे लावणारा, चेंडू अजून पडायचाय असं समजून लावतोय. तुमच्या लेखी तो पडून गेलाय, सीमारेषेला लागलाय. तुम्ही अंदाज बांधतच नाही, तर पैज कसली? घोडा कोणता पळेल हे पॅडॉकमध्ये त्याची चाल बघून ओळखणारा पुणे रेसकोर्सवरचा जुना माणूस आणि शर्यत संपल्यावर तिकीट काढणारा, यांना एका रांगेत बसवता येत नाही.

मला मनापासून वाटत होतं की हे चुकीचं नाही. मग मी दोषी कसा?

फिल आयव्ही या नामांकित पोकर खेळाडूने ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्‌स क्लबमध्ये पुंटो बांको हा पत्त्यांचा जुगार खेळून ७७ लाख पौंड जिंकले. पानांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना किंचित वेगळी होती. त्याच्या साथीदार बाईने अंधश्रद्धेचा बहाणा करून पानं वाटणारीकडून मोठी पानं उलट दिशेने फिरवून घेतली. मग पाठीवरूनच पान ओळखता येऊ लागलं. कॅसिनोने जिंकलेली रक्कम दिली नाही. आपण फसवत नाही असं आयव्हीला खरोखर वाटत होतं, हे न्यायाधीशांनीही मान्य केलं. तरीही ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूकच ठरवली. स्वतःला काय वाटतं यावर ते ठरत नाही, सर्वसामान्य सभ्य माणूस त्याला काय म्हणेल हे बघायचं.

काही मित्रांना हा निकाल कडक वाटतो. त्याने पानांना हातसुद्धा लावला नव्हता, असं ते म्हणतात. मला त्यात तो बहाणा खटकतो. पानं फिरवून घेण्यासाठी ज्याला खोटं कारण द्यावं लागतं, त्याला खरं कारण सांगितलं तर नकार मिळणार हे माहीत असतं.

सॉफ्टवेअर वापरून अभ्यास केला तर?

डाव संपल्यावर, आधी, सुट्टीच्या दिवशी हवा तेवढा करा. बुद्धिबळ खेळणारी सगळी मुलं इंजिनावर सराव करतात आणि स्पर्धेत फोन बाहेर ठेवतात. पोकरमध्येही तीच रेषा पुरेशी आहे.

डाव चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवरून उत्तर घेणं वेगळं. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम बनवला, त्याने सहा जणांच्या पोकरमध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्याचा कोड त्यांनी खुला केला नाही, ऑनलाइन पोकरची वाट लागेल ही भीती त्यामागे होती. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना टेबलवरच्या अनोळखी लोकांची काळजी वाटली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आईच्या पॅनवर दुसरं खातं काढलंय. चालतं का?

नाही. भारतीय साइटवर पैशांचे खेळ चालायचे तेव्हा जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस कापला जायचा तो आईच्या नावावर. खात्यावर चौकशी आली तर ती आईकडे येते. तिला यातलं काही माहीत असतं का, हे मी विचारतो तेव्हा समोरून उत्तर येत नाही. ओळखीच्या कुणालाही, विशेषतः गावाकडच्या नातेवाइकांना, 'खातं जरा वापरायला दे' म्हणू नका. परदेशी साइटचे पैसे अशाच खात्यांतून फिरतात आणि गोठतात ती खाती त्या नातेवाइकांची.

टेलिग्रामवर 'प्रेडिक्टर' मिळतो, पुढचा रंग आधी सांगतो म्हणे.

तुम्हाला गंडवण्यासाठीच तो आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लाज वाटून थांबू नका. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

समोरचा खेळाडू भान हरपून खेळतोय हे कळतं. सगळे नियम पाळून त्याचे पैसे घेतले तर त्यात गैर काय?

या प्रश्नावर माझं मत बदलत आलंय. पोकर खेळणारे कच्च्या खेळाडूला 'फिश' म्हणतात आणि चांगला खेळाडू तोच जो फिश असलेलं टेबल शोधतो, असं शिकवलं जातं. इथे कुठलाच आरसा नाही. खोटं कुणी बोललेलं नाही. माझीच कसोटी लावली तर तो माणूस सगळं कळूनसुद्धा बसून राहील. बसून राहणं हाच तर त्याचा आजार आहे.

म्हणून ती कसोटी इथे अपुरी पडते, हे मला मान्य करावं लागतं. होकार द्यायला माणूस ताळ्यावर असावा लागतो. मांडवात दारू पिऊन आलेल्या कार्यकर्त्याला आम्ही डावात घेत नव्हतो, आणि घेतलाच तर सकाळी त्याचे पैसे त्याच्या खिशात परत असायचे. कुणी त्यावर भाषण केलं नव्हतं. त्याच्या घरी कोण आहे ते आम्हाला माहीत होतं, म्हणून ते घडायचं. स्क्रीनवर ते माहीत नसतं आणि कंपनी ते माहीत होऊ देत नाही.

मी आता असं सांगतो: समोरचा वेड्यासारखा पैसे भरतोय हे दिसलं की ते टेबल सोडा. दुसरा कुणी तरी त्याचे पैसे घेईलच, हे खरं आहे. तो दुसरा तुम्ही असायची गरज नाही. आणि भरणारे तुम्ही स्वतः असाल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

गैरमार्गाने जिंकलेले पैसे परत करता येतात का? तुम्ही केलेत का?

कायद्याने पैज हा करारच धरला जात नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० तसं सांगतं, आणि १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पैजेचा करार रद्दबातल असला तरी तेवढ्यानेच तो बेकायदा ठरत नाही. त्यामुळे पैजेचे पैसे कोर्टातून मागता येत नाहीत. फसवणुकीची गोष्ट वेगळी. ती पूर्वी ४२० होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे. पण रात्री दोन वाजता ८० रुपये हरलेला माणूस पोलीस चौकीत जात नाही. आपण फसवलो गेलो हे त्याला कळतही नाही.

२०१७ मध्ये मी त्या जुन्या कंपनीला पत्र लिहिलं. माझ्या खेळाच्या नोंदींतून टेबलांचे क्रमांक काढले, ४७ निघाले. कोणत्या डावात काय केलं ते लिहिलं. माझ्या दोन्ही रूममेटना आधी विचारलं होतं. एक म्हणाला माझं नाव घालू नको, दुसऱ्याने फोन उचलणं बंद केलं. कंपनीने माझं खातं बंद केलं, त्यातले ३,४१२ रुपये काढून घेतले आणि 'योग्य ती कार्यवाही केली जाईल' असा मेल पाठवला. पैसे हरलेल्यांपर्यंत गेले का, हे मी दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही.

त्या 'वेल प्लेड'वाल्याशी मात्र शेवटी एकदा बोलायचा प्रयत्न केला होता, धनकवडीची खोली सोडायच्या आदल्या रात्री. बाकीचे दोघं झोपले होते, मी एकटाच टेबलवर होतो आणि पहिल्यांदाच सरळ खेळत होतो. तो ६४ पॉइंटला हरला. तयार मेसेजच्या यादीत शेवटचा मेसेज 'सॉरी' होता, आम्ही तो कधी वापरला नव्हता. मी तो दाबला. थोडा वेळ काही आलं नाही. मग त्याच्या चित्राशेजारी नेहमीचं 'वेल प्लेड' उमटलं आणि पुढच्या डावाची पानं वाटली गेली.